पापड लाटायला किती हात चालतील?

महाराष्ट्रात राहत्या घरात धंदा करायचा तर यंत्राला ०.७५ किलोवॉटपर्यंतच वीज वापरता येते, म्हणजे एक हॉर्सपॉवर. बाहेरचा माणूस मजुरीवर ठेवायचा नाही. आत धंदा चालतो हे रस्त्यावरून कळता कामा नये, म्हणजे पाटीही नको. विकायचं ते त्याच घरात तयार झालेलं पाहिजे. आणि लोकांना जेवूखाऊ घालायचं ठिकाण तर मुळीच चालवायचं नाही. विकास नियंत्रण नियमावलीत 'गृह व्यवसाय' या नावाखाली जी व्याख्या वर्षानुवर्षं चालत आली आहे, तिचा हा साध्या मराठीतला गोषवारा. २ डिसेंबर २०२० ला मुंबई महापालिका आणि आणखी काही क्षेत्रं वगळून जवळपास सगळ्या राज्याला एकच नियमावली मंजूर झाली. जुने बरेच नियम तेव्हा बदलले, ही व्याख्या मात्र तशीच पुढच्या पुस्तकात गेली. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, शिरपूर, सगळीकडे हीच.

सुटी सुटी वाचली तर यातली प्रत्येक अट पटते. शेजारी कारखाना नको, हे कुणाला नको असेल? पण पाचही अटी एकदम लावून जळगावच्या पिंप्राळ्यात किंवा धुळ्याच्या देवपुरात एखादी गल्ली पाहा. पहिल्या घराच्या फाटकाला तारेने पत्र्याचा तुकडा बांधलाय, 'येथे फॉल-पिको करून मिळेल'. पाटी दिसली, अट मोडली. दुसऱ्या घरच्या वहिनी ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतला जाऊन साड्यांचा गठ्ठा आणतात, फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात, दुपारी बायका येऊन पलंगावर पसरलेल्या साड्या उलथ्यापालथ्या करतात. साडी घरात विणलेली नाही, अट मोडली. तिसऱ्या घरी बाहेरगावच्या पोरांची मेस. डबा नेला तर काय समजायचं ते साहेबांनी ठरवायचं, पण पोरं ओसरीत पाट मांडून बसली की ती खानावळच. चौथ्या घरी केळीचे वेफर्स तळतात, हाताशी दोन बायका आहेत. त्या घरातल्या नाहीत. पाचव्या घरी घरघंटी आहे. तिची मोटार एक हॉर्सपॉवरची, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर. त्याच वेळी मसाल्याचा मिक्सर लावला की मर्यादा ओलांडली.

गल्ली संपली आणि नियमात बसणारं एक घर सापडलं नाही. जे बसेल त्याची कल्पना करून बघा. एकटी बाई, एक शिवणयंत्र, पाटी नाही, मदतनीस नाही, आणि गिऱ्हाईक तिला कुठून तरी आपोआप कळल्यासारखं येतंय.

त्यात खान्देशातला उन्हाळा. भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या दिवसांत याच गल्लीतल्या एखाद्या बंगल्यात दीड टनाचा एसी दिवसभर चालतो, न्हाणीघरातला गीझर हिवाळ्यात दोन किलोवॉट ओढतो. घर सुखासाठी कितीही वीज ओढू शकतं, चार पैसे मिळवायचे म्हटले की पाऊण किलोवॉटवर काटा. वीज तीच, तारा त्याच, ट्रान्सफॉर्मरही तोच.

याच नियमावलीत डॉक्टर, वकील, सीए, आर्किटेक्ट यांच्यासाठी वेगळी खिडकी आहे. निवासी भागात दवाखाना चालतो, राहत्या घरात मर्यादित जागेत व्यवसायाचं ऑफिस चालतं. ते योग्यच आहे. गल्लीत दवाखाना असावा, रात्री-बेरात्री उपयोगी पडतो. पण जरा बारकाईने बघा. डॉक्टरकडे कंपाउंडर असतो, नंबर लावणारी मुलगी असते, झाडणारी बाई असते. ही सगळी मजुरीवरची माणसं. दारावर पाटी असते, रात्री ती पेटते. बाहेर वीस मोटारसायकली उभ्या असतात. वकिलाकडे तारखेच्या आदल्या दिवशी पक्षकारांची जत्रा भरते. हे चालतं, आणि पलीकडच्या घरात उडदाचं पीठ मळून तीन बायका पापड लाटायला बसल्या तर तो निवासी क्षेत्रातला अनधिकृत वापर. दोन्हीकडे घर, दोन्हीकडे उत्पन्न, दोन्हीकडे बाहेरची माणसं. फरक कुठे आहे? डिग्रीत आहे. आवाज, धूर, गर्दी यांत तो सापडत नाही. नियम लिहिणारे ज्या घरांत वाढले त्या घरांतले धंदे नियमाने प्रतिष्ठेचे मानले, उरलेल्यांना 'पारंपरिक घरगुती उद्योग' म्हणून भरतकाम आणि बटणं करण्यापुरती जागा दिली. हो, बटणं. उदाहरण म्हणून नियमात शिवण, भरतकाम आणि बटण तयार करणं लिहिलंय. खान्देशात घरी बसून बटणं करणारी एकही बाई मला आजवर भेटलेली नाही. पापड, कुरडया, बिबडे, शेवया, काळा मसाला, केळीचे वेफर्स करणाऱ्या मात्र दर दोन घरांआड आहेत.

मजुरीवरचा माणूस नको, ही अट पापडाच्या धंद्याला सगळ्यात जास्त लागते, कारण पापड एकटीने होतच नाही. उडदाचं पीठ घट्ट भिजवायचं, तेलाचा हात लावून कुटायचं. हाताने कुटलं तर खांदे निघतात, म्हणून आता बऱ्याच जणींनी मोटारीचं यंत्र घेतलंय. कुटलेलं पीठ वाळायच्या आत लाट्या पाडून लाटून टाकावे लागतात. एक जण लाट्या पाडणार, चौघी लाटणार, एखादी पोर पापड गच्चीवर नेऊन जुन्या धोतरावर, साडीवर टाकणार. होळी झाली की वैशाखापर्यंत हेच. पूर्वी हे काम आळीपाळीने व्हायचं, आज तुझ्या घरी, उद्या माझ्या. आता येणाऱ्या बायकांना किलोमागे पैसे मिळतात आणि त्यांना तेच हवंय. उद्या शेतात मजुरीला बारा कोसांवर जाण्यापेक्षा सावलीत बसून लाटणं बरं, एवढा त्यांचा हिशेब सरळ आहे. ज्या क्षणी शेजारधर्माचं काम पैशाचं झालं, त्या क्षणी ते बेकायदा झालं. फुकट राबली तर शेजारीण, पैसे मिळाले तर मजूर!

लिज्जतची गोष्ट आपण सगळे अभिमानाने सांगतो. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. पुढे तो पसारा वाढला तो बायकांनी पीठ घरी नेऊन लाटलं म्हणून. तिथे त्या सभासद आहेत, मालक आहेत, त्यामुळे 'मजूर' हा शब्द आडवा येत नाही. पण एरंडोलच्या एका बाईला पाच जणींना हाताशी धरून तेच करायचं असेल, तर तिने आधी सहकारी संस्था काढायची का?

सरकारचा उजवा हात काय करतो तेही बघू. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना २०२० पासून आहे. त्यात यंत्रांसाठी प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. बचत गटातल्या सभासदाला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल मिळतं. 'एक जिल्हा एक उत्पादन' मध्ये जळगावच्या वाट्याला केळी आली. जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग शिवणयंत्रं आणि पिठाच्या गिरण्या अनुदानावर देतो. उद्यम नोंदणी फुकट आहे, आधार कार्डावर होते आणि पत्ता घरचाच चालतो. अन्नसुरक्षा नोंदणीची फी छोट्या उत्पादकाला वर्षाला शंभर रुपये. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असणाऱ्याला नोंदणीच्या भानगडीतून सोडवून नुसत्या ऑनलाइन सूचनेवर आणलं. म्हणजे उद्योग खातं, अन्न खातं, कामगार खातं, महिला-बालकल्याण, सगळ्यांनी हात पुढे केलाय. एकट्या नगररचनेच्या पुस्तकात बाई अजून एका हॉर्सपॉवरवर थांबलेली आहे. अनुदानातून घेतलेला पल्व्हरायझर, म्हणजे मसाला दळायचं मोठं यंत्र, घरी आणून खोका उघडला की नियम मोडलाच. शहरातल्या बाईने तो ठेवायचा कुठे? एमआयडीसीत गाळा घ्यायचा तर अनामत, भाडं, येण्याजाण्याचा खर्च, आणि संध्याकाळी सहाला दूध तापवायला, शाळेतून आलेल्या पोराला बघायला घरी कोण?

यावर नेहमीचं उत्तर असतं, 'अहो, कोण बघतंय? चालतंय ना सगळं.' हो, चालतं. महापालिकेचा माणूस आपणहून गल्लीत येत नाही. तो भांडण झाल्यावर येतो. आमच्या ओळखीत एका घरी असाच पापडाचा व्याप होता. पाच-सहा बायका, एक पीठ कुटायचं यंत्र, गच्चीवर वाळवण. शेजाऱ्याशी वाद झाला तो गच्चीच्या पाण्याच्या पन्हळीवरून. पन्हळीचं पाणी त्याच्या भिंतीवर पडायचं. ते पाणी थांबवा एवढंच त्याला हवं होतं आणि त्याचं म्हणणं रास्त होतं. पण पन्हळीची तक्रार करून काही होईना, तेव्हा कुणीतरी त्याला सुचवलं की 'निवासी क्षेत्रात पापडाचा कारखाना' असा अर्ज द्या. अर्ज दिला, नोटीस आली, 'अनधिकृत वापर बंद करावा'. बाईंनी यंत्र पडवीतून आतल्या खोलीत हलवलं, बायकांना पीठ वाटून आपापल्या घरी लाटायला सांगितलं. धंदा एका घराऐवजी सहा घरांत गेला. जिथे आधी एका ठिकाणी हात धुतले की नाही, डोक्याला रुमाल बांधला की नाही हे बघता यायचं, तिथे आता सहा चुलींजवळ काय चालतं ते बाईंनाही माहीत नाही. पन्हळ अजून त्याच भिंतीवर पडते.

सगळेच गुन्हेगार असले की नियम शिस्त लावत नाही, तो भांडणात वापरायचा दगड होतो. ज्याचा हात सैल, ज्याची ओळख वरपर्यंत, त्याला तो दगड लागत नाही. ज्याचं कोणी नाही त्याच्या कपाळावर बसतो. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात विकासाच्या व्याख्येतच वापरातला महत्त्वाचा बदल धरलाय, त्यामुळे अनधिकृत वापराबद्दलची कलम ५३ ची नोटीस कुणालाही निघू शकते. कायद्यात ताकद आहे. ती कुणावर चालवायची हे ठरवायला नीट निकष नाही, इतकंच.

आता दुसरी बाजू. ती मला हलकी वाटत नाही. शेजारी राहणाऱ्याने आयुष्यभराच्या कमाईतून प्लॉट घेतला, बांधलं, तो शांत झोपेसाठी. त्याच्या भिंतीपलीकडे पहाटे पाचला मोटार सुरू झाली तर तो भांडायला येणारच. आणि आपल्याकडे उत्तर तयार असतं, 'मना घरमा मी काहीबी करसू, तुले काय करनं शे?' हे उत्तर मला मान्य नाही. घराच्या आत काहीही करा, पण जे भिंत ओलांडून जातं ते तुमच्या घराचं राहत नाही. लाल मिरची कुटण्याचं उदाहरण घ्या. नंदुरबारला मोसमात मिरची वाळवायच्या पथारींजवळून गेलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ते उघड्या माळावर. तेच कांडप दाट वस्तीत, दोन घरांमध्ये चार फुटांचा बोळ असताना सुरू झालं की शेजारच्या दमेकऱ्याचा जीव जातो. एक हॉर्सपॉवरच्या मोटारीवरही जातो.

सराफी कामाचंही तसंच. जळगावचं सोनं भारतभर प्रसिद्ध. पण बाजारामागच्या गल्ल्यांत घडवण-गाळणीचं जे काम चालतं त्याला मोटार लागतेच असं नाही. गॅसची फुंकणी आणि तेजाब लागतं. नायट्रिक ॲसिडात धातू विरघळताना निघणारा तपकिरी धूर छातीला विषारी असतो. वीज शून्य, मजूर नसला तरी चालेल, पाटी नाही. म्हणजे एक हॉर्सपॉवरच्या गजाने मोजलं तर हा सज्जन घरगुती उद्योग, आणि शिवणयंत्रावर दोन पोरी बसवणारी बाई नियम मोडणारी. गजच चुकीचा आहे. जे मोजायला सोपं ते मोजलं, जे त्रास देतं ते मोजलंच नाही.

त्रास मोजायची मापं आपल्याकडे नाहीत असंही नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. हे कुंपणावर उभं राहून मोजता येतं, आत किती घोडे पळतात हे बघायची गरज नाही. गॅसचं पाहायचं तर घरगुती १४.२ किलोची टाकी धंद्याला वापरायची नाही, व्यावसायिक १९ किलोची घ्यायची, हे आधीपासून आहेच. मेस आणि वेफर्सवाल्यांनी ते पाळलंच पाहिजे, त्यात मी कुणाची बाजू घेणार नाही. दाट गल्लीत चार टाक्या एका खोलीत ठेवणं हा शेजाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. गटारात तेल सोडणं, रस्त्यावर गाड्या लावणं, रात्री टेम्पो भरणं, हे सगळं बघता येतं, मोजता येतं, बंद करता येतं. पाच-सहा गोष्टी. त्या सांभाळल्या तर आतल्या खोलीत तिघी लाटतात की सहा जणी, हे महापालिकेला कळून काय करायचंय?

असा विचार सरकारी यंत्रणेला परका नाही. राज्य वीज नियामक आयोगाने दर ठरवताना हेच केलंय. घराच्या एका भागात धंदा करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लागू. वर्षाच्या शेवटी पडताळणी. धंदा कुठला, पापडाचा की वकिलीचा, आयोग विचारत नाही. पण हे किती जणींना ठाऊक आहे? गावोगावी बायका अजून घाबरून असतात की लाइनमनने यंत्र पाहिलं तर व्यापारी बिल लावेल, विद्युत कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट आकारणी करेल. त्या भीतीपायी मोटार बंद करून अंगावर चादर टाकून ठेवतात. महावितरणने बिलाच्या मागे चार ओळी मराठीत छापल्या तरी पुष्कळ.

दिल्लीचा धडाही जवळचा आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथे निवासी भागातल्या बेकायदा दुकानांना सील लागायला सुरुवात झाली. शहर पेटलं. मग २००७ च्या बृहत् आराखड्यात घरगुती उद्योगासाठी पाच कामगार आणि पाच किलोवॉट अशी मर्यादा आली, प्रदूषण करणारे उद्योग वगळून. पुढे तीही सैल झाली. इतक्या दाटीच्या शहराला पाच किलोवॉट झेपतात, आणि प्लॉटभर मोकळी जागा सोडून बांधलेल्या आपल्या कॉलन्यांना पाऊण? मला दिल्लीची नक्कल नको. तिथली दुकानं तळमजले गिळून बसली, ते आपल्याकडे नको. पण सील लागेपर्यंत थांबायचं आणि मग नियम सुधारायचा, हा क्रम तरी टाळता येईल.

दुकानदारांची तक्रार वेगळी, आणि ती मला शेजाऱ्याच्या तक्रारीइतकी पटत नाही. ते म्हणतात, आम्ही गाळ्याचं भाडं भरतो, व्यापारी दराने वीज भरतो, बिगरनिवासी घरपट्टी भरतो, आणि ह्या वहिनी पलंगावर साड्या विकून मोकळ्या. जळगावात महापालिकेच्या संकुलांमधल्या गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपली. त्यानंतर भाडं आणि नूतनीकरणावरून जे रामायण चाललं त्यात दुकानदार किती भरडला हे मी जाणतो. पण त्याचं ओझं हलकं करायचं तर गाळ्यांचा प्रश्न सोडवा. वहिनींच्या पलंगावर ते ओझं टाकून काय होणार? तिचं गिऱ्हाईक गल्लीतलं, उधारीवरचं, महिन्याला दोनशे-पाचशे देणारं. ते शोरूमला कधी जाणारच नव्हतं. उलाढाल ठरावीक रकमेपुढे गेली तर तिनेही बिगरनिवासी घरपट्टी द्यावी, त्यात वाद नाही.

एका अटीवर मात्र मी जुन्या व्याख्येच्या बाजूचा आहे, आणि ती अट उलट घट्ट करावी असं माझं मत आहे. ज्या घरात धंदा चालतो तिथे धंदा करणारा राहिलाच पाहिजे. ही अट गेली की घरगुती धंद्याच्या नावाखाली अख्खे बंगले भाड्याने घेऊन क्लासेस, गोदामं, कुरिअरचे अड्डे उभे राहतील. रात्री रिकामी आणि दिवसा गजबजलेली गल्ली म्हणजे वस्ती संपली. राहणाऱ्याला शेजाऱ्याची लाज असते, कारण संध्याकाळी त्याच ओट्यावर बसायचं असतं. भाडेकरूलाही हक्क हवा, घरमालकाच्या संमतीने. खान्देशातल्या शहरांत पापड-शिवणाचं काम करणाऱ्या किती तरी बायका भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात, त्यांना वगळून केलेला नियम पुन्हा बंगलेवाल्यांचाच.

मग हवं काय? राहणाऱ्या कुटुंबाबरोबर बाहेरची चार-पाच माणसं चालावीत. त्यांच्या मजुरीची, हजेरीची काळजी घ्यायला कामगार कायदे आहेत, ते काम नगररचनेने अंगावर घेऊ नये. तळमजल्यावर चार-पाच हॉर्सपॉवरपर्यंत मोटार चालावी, वरच्या मजल्यांवर कमी, कारण तिथे हादरा खालच्याच्या डोक्यावर येतो. पिठाच्या गिरणीला तळमजल्यावर खास परवानगीने जास्त ताकदीची मोटार आजही मिळते, तर मसाल्याच्या यंत्राला, धूळ अडवायची सोय केली असेल तर, का नको? दोन बाय एक फुटाची पाटी चालावी. पाटी लपवायला लावणं म्हणजे धंदा लपवायला लावणं. ज्याला लपायला लावलं त्याच्याकडून गॅसच्या टाकीचा नियम पाळायची अपेक्षा कशी करणार? ॲसिड, भट्टी, रंगाई, फटाके, मिरची कांडप दाट वस्तीत, हे मात्र सरळ नको, मोटार कितीही लहान असली तरी.

परवाना नको, नोंद हवी. प्रभाग कार्यालयात एक पानाचा मराठी फॉर्म: कोण राहतं, काय करतो, कोणतं यंत्र, कोणता गॅस. शिक्का मारून परत. 'स्थळपाहणी करून निर्णय कळवू' हे वाक्य त्या फॉर्मवर नसलं पाहिजे. त्या वाक्यात किती जणांचं पोट भरतं ते आपण सगळे जाणतो. तक्रार आली तर तपासायचं ते आवाज, धूर, गाड्या, सांडपाणी एवढंच. आधी मुदत द्यायची, मग दंड, आणि मग बंद. शेजाऱ्यालाही तक्रारीवर काय झालं याचं लेखी उत्तर ठरावीक दिवसांत मिळालं पाहिजे, नाहीतर तोही पन्हळीच्या भांडणाला कारखान्याचं नाव देत बसेल.

यातलं सगळं मुंबईहून यायची वाट बघायची गरज नाही. व्याख्येच्या शेवटी एक ओळ आहे. तशाच स्वरूपाचे इतर व्यवसाय प्राधिकरणाने ठरवून द्यावेत, अटी घालाव्यात, अशी ती सोय. बटणं लिहिणाऱ्याने नकळत दिलेलं हे दार आहे. जळगाव किंवा धुळे महापालिकेने पापड, वाळवण, वेफर्स, शिवण, डबे यांची यादी करून त्या ओळीखाली ठराव केला तर यादीपुरतं तरी काम भागेल. हॉर्सपॉवर आणि मजुरांचा आकडा बदलायला मात्र नियमावलीतच दुरुस्ती लागेल, ती शासनाची. त्याची रीत ठरलेली आहे. मसुदा निघतो, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते, हरकती-सूचना मागवतात. बारीक टाइपात, जाहिरातींच्या पानावर. आजवर अशा सूचनांना उत्तरं पाठवली ती बिल्डरांच्या संघटनांनी आणि आर्किटेक्टांनी, म्हणून नियमावलीत एफएसआयची, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम चालेल त्याची, पानंच्या पानं आहेत आणि घरगुती धंद्याला एक परिच्छेद. यावेळी बचत गटांच्या महासंघांनी, मेस चालवणाऱ्यांनी, शिवणकाम करणाऱ्यांनी सह्यांचे गठ्ठे न्यावेत, आणि त्यांच्याबरोबर शेजाऱ्यांनीही आपली हरकत न्यावी. शासनाला विनंती एकच, ती मुदत चैत्र-वैशाखात टाकू नका. त्या दिवसांत पिठाचे हात धुऊन अर्ज लिहायला इथे कुणाला सवड नसते.